मुंबईत वकिलात नसते

कुणी 'मुंबईतली अमुक देशाची एम्बसी' म्हणालं की अजूनही माझी मान आपोआप डावीकडे वळते. आमच्या दैनिकाच्या संपादकीय खोलीत माझ्या डाव्या हाताला दत्ताराम पेडणेकर बसत. आता पेडणेकर नाहीत, ते दैनिकही नाही. पण मान वळते आणि तो सपाट, जराही न चिडलेला आवाज ऐकू येतो, "मुंबईत वकिलात नसते."

पेडणेकरांकडे परदेशच्या बातम्या असत. इंग्रजी तारा यायच्या आणि ते त्यांचं मराठी करायचे. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, कानावर लाल पेन्सिल. डबा खाताना ते टेबलावर जुना अंक पसरत, पण आधी पान नीट निरखून घेत. कुठल्याही राष्ट्रप्रमुखाच्या फोटोवर ते डबा ठेवत नसत. "माणूस कसाही असो, त्याच्या तोंडावर आमटी सांडू नये," असं म्हणून ते साबणाची जाहिरात शोधत. मला यात राजेरजवाड्यांविषयीचा भाबडा आदर दिसे. जगातल्या सगळ्या भपक्याला मी तेव्हा हसून घ्यायचो. वयच तसं होतं.

नव्याने आलेला प्रत्येक उपसंपादक पहिल्याच आठवड्यात कधीतरी लिहायचा, 'मुंबईतील वकिलातीसमोर व्हिसासाठी रांगा.' लाल पेन्सिल कानावरून खाली यायची.

"वकिलात राजधानीत असते. एका देशात एकच. म्हणजे दिल्लीत. मुंबईत असतो तो वाणिज्य दूतावास. कॉन्सुलेट म्हण हवं तर. तिथला मुख्य तो वाणिज्यदूत, राजदूत नव्हे."

"आणि लंडनला आपलं काय आहे?"

"उच्चायुक्तालय. एकाच राणीच्या छत्राखालची माणसं ना आपण. राणी स्वतःच्याच दरबारात स्वतःचा वकील कसा पाठवील?"

"पण पेडणेकर, आपण स्वतंत्र झालो की!"

"झालो. पाटी राहिली."

आमचे मुख्य उपसंपादक मथळे देत. ते वैतागून म्हणायचे, "अहो, 'वकिलात' कशी चार अक्षरांत बसते. तुमच्या वाणिज्य दूतावासाला दीड कॉलम लागतो!"

"मग बातमी मोठी करा," पेडणेकर म्हणायचे आणि पुढची तार घ्यायचे.

आम्ही दोघंही मुलुंडचे, पूर्वेचे. गुरुवारी आमची सुट्टी असे आणि मी सकाळचा चहा त्यांच्याकडे घेई. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. वहिनी मालवणच्या बाजूच्या. मुलुंडमध्ये इतकी वर्षं काढूनही त्यांनी आपली बोली सोडली नव्हती. प्रमाण मराठी बोलणारा नवरा आणि मालवणी बोलणारी बायको यांचा संसार दुभाष्याशिवाय उत्तम चालला होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुधीर. इलेक्ट्रिशियन. एका एजंटामार्फत तो आखातातल्या एका देशात नोकरीला गेला. पत्र लिहायचा कंटाळा म्हणून तिकडून तो आवाज भरून कॅसेट पाठवायचा. गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून कॅसेट यायची, टेपरेकॉर्डर गॅलरीत ठेवला जायचा आणि सगळा मजला ऐकायचा. तिथला उन्हाळा, खोलीतला केरळी स्वयंपाकी, संपत आलेलं लोणचं.

मग कॅसेट यायच्या थांबल्या. शेवटच्या कॅसेटमध्ये बरीचशी थट्टा होती, आणि अखेरीस सुधीर म्हणत होता, "बाबा, उद्या पासपोर्टच्या कामाला आपल्या एम्बसीत जायचंय. राजधानीतलीच आहे हां, म्हणून एम्बसी म्हणतोय. चालेल ना?" मग बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारतं. तो म्हणतो, "आलो रे!" खुर्ची सरकल्याचा आवाज होतो. टेप बंद करायला तो परत येतच नाही. पुढे कॅसेट संपेपर्यंत रिकाम्या खोलीचा आवाज आहे, कुठेतरी फिरणारा पंखा. ती कॅसेट नंतर त्यानेच कुणाच्या बॅगेत दिली की खोलीतल्या दुसऱ्या कुणी, हे कधी कळलं नाही.

वहिनी रोज दिवेलागणीला ती कॅसेट लावायच्या आणि 'आलो रे'पाशी बंद करायच्या नाहीत. पंख्याचा आवाज पूर्ण ऐकायच्या. त्या घरात मुलगा दिसत नसे, ऐकू येई. शेजारपाजारचे लोक तेवढा वेळ आपले रेडिओ बारीक करत. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

पेडणेकरांनी शोध घेतला तो पेडणेकरांसारखाच घेतला, म्हणजे प्रत्येक दार अचूक ओळखून. एजंटाच्या कचेरीला कुलूप होतं. तिकडच्या आपल्या वकिलातीला त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं की या नावाचा मनुष्य आमच्याकडे आल्याची नोंद नाही, चौकशी चालू आहे. दिल्लीला लिहिलं. दिल्लीने ते पत्र तिकडच्या आपल्या वकिलातीकडे पाठवलं. वकिलातीने पुन्हा कळवलं की चौकशी चालू आहे. शेवटी ते मुंबईतल्या त्या देशाच्या वाणिज्य दूतावासाच्या फाटकावर गेले. पठाणी उंचीच्या पहारेकऱ्याने विचारलं, "व्हिसा?" ते नाही म्हणाले. "फिर एम्बसी जाओ. दिल्ली."

हे मला सांगताना ते म्हणाले, "बरोबर बोलला रे तो. आपल्या नागरिकाचं काम आपल्या वकिलातीचं. त्यांच्या वाणिज्य दूतावासाचा काय संबंध? मीच दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं."

"मग गेलात कशाला?"

"जवळ होतं," ते म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी आम्हाला घाटकोपरला एका समारंभाला पाठवलं गेलं. तिथले शांतिलालशेठ, नळ आणि बाथरूमच्या टाइल्सचे व्यापारी, एका दूरच्या बेटावजा राज्याचे मानद वाणिज्यदूत होते. मानद म्हणजे देश त्यांना काही देत नसे आणि तेही देशासाठी फारसं काही करत नसत. त्या राज्याच्या राष्ट्रीय दिनानिमित्त दुकानावरच्या गच्चीत झेंडा, बँडवाले, ढोकळा आणि आइस्क्रीम. शेठजींच्या कोटावर बशीएवढं पदक. जिन्यात पितळी पाटी होती, 'राजदूतावास'.

पेडणेकरांना राहवलं नाही. "शेठ, पाटी चुकलीय. मानद वाणिज्य दूतावास पाहिजे."

शेठजी मनमोकळं हसले. "अरे पेडणेकरभाई, मला पण माहीत आहे ना! पण कॉन्सुलेट लिहिलं तर हवालदार विचारतो, कसला धंदा? एम्बसी लिहिलं तर सलाम मारतो. तुम्हीच सांगा, दुकानदार माणसाने काय लिहायचं?"

मी तोंड फिरवून हसलो. मग आइस्क्रीम खाता खाता शेठजी आपल्या राज्याच्या वारलेल्या राजाविषयी बोलू लागले. त्याच्या मृत्यूनंतर नियमाप्रमाणे इथे शोकपुस्तिका ठेवायची होती. काळं कापड घातलेलं टेबल, फोटो, फुलं, वही. येणारा सही करून जातो.

"पण घाटकोपरमध्ये येणार कोण? तीन सह्या झाल्या. मला लाज वाटली. मग गोडाऊनच्या हमालांना अंघोळ करून बोलावलं. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे केले. आणि काय सांगू, ती वही गेली थेट राजवाड्यात. अर्ज पाठवा, कचऱ्यात जातो. शोकाची वही कोण टाकणार? पाप लागेल! मजकूर कोणी वाचत नाही हां, पण नाव आणि पत्ता एकेक उतरवून घेतात. माझ्या हमालांना सोनेरी शिक्क्याची आभाराची कार्डं आली. एकाने तर देवघरात लावलं आहे."

मी हा किस्सा पुढे बऱ्याच मैफलींत सांगितला आणि हशा वसूल केला. पेडणेकर मात्र हसले नव्हते. त्यांचं आइस्क्रीम वितळून बशीत पसरलं होतं.

त्या काळात जगातले म्हातारे राज्यकर्ते एकामागून एक जात होते. पेडणेकर त्यांची बातमी लिहीत, शेवटी 'मुंबईतील वाणिज्य दूतावासात शोकपुस्तिका ठेवण्यात आली आहे' ही ओळ घालत, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या आधी स्वतः तिथे जाऊन सही करून येत. कुठल्याही देशाचा, कुठल्याही विचाराचा राज्यकर्ता असो. त्यासाठी त्यांनी एक काळा टाय घेतला होता. तो टेबलाच्या खणात, कार्बन पेपरांच्या खाली असायचा. खणातून टाय निघाला की आम्ही ओळखायचो.

"आज कोण गेलं, पेडणेकर?" कुणीतरी ओरडायचं. "तुमचे जवळचे होते का?"

"सध्या सगळेच जवळचे," ते म्हणायचे.

आमची अशी समजूत झाली की म्हाताऱ्याला त्या गालिच्यांची, गार खोल्यांची आणि वाणिज्यदूताशी हस्तांदोलन करण्याची चटक लागली आहे. मुलाच्या दुःखातून माणसं काहीही करू लागतात. कुणी बुवाकडे जातं, हे शोक करायला जातात. मला तर त्यात माझ्या आवडत्या विषयाचा पुरावाच सापडला होता. भपका दुःखी माणसालाही सोडत नाही.

मग एका दुपारी तार आली. त्या आखाती देशाच्या राजघराण्यातला सर्वांत वडीलधारा पुरुष वारला होता. पेडणेकरांनी तार वाचली. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, यांना चक्कर येतेय. त्यांनी पाणी मागितलं. बातमी मात्र नेहमीसारखी लिहिली, एकही खाडाखोड न करता. मग मला म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर ये. एकट्याने जायला पाय उचलणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फाटकावर तोच पहारेकरी होता. पेडणेकरांच्या गळ्यातला काळा टाय बघून त्याने आदबीने दार उघडलं. कुठलं काम, व्हिसा की काय, काही विचारलं नाही. ज्या दारातून मुलाचा बाप म्हणून आत जाता आलं नव्हतं, तिथून पेडणेकर शोक करणारा म्हणून आत गेले.

आत कडक गारठा होता. धूप आणि वेलदोड्याच्या कॉफीचा वास. वहीपाशी वाणिज्यदूत स्वतः उभा होता, तरुणच होता आणि त्याचे डोळे खरोखर सुजलेले होते. पेडणेकर खुर्चीत बसले आणि लिहायला लागले. मी मागे उभा होतो, म्हणून मला दिसलं. नावाच्या रकान्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं नाही. सावकाश, छापल्यासारख्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, सुधीर दत्ताराम पेडणेकर. पत्त्याच्या रकान्यात मुलुंडचा पत्ता. मजकुराच्या जागी एवढंच, की आपल्या देशात नोकरीला आहे, खबर नाही, आईवडील वाट पाहतात.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाव राजवाड्यात पोचवायचं होतं. मजकूर वाचत नाहीत, नाव उतरवून घेतात, म्हणून नावाच्याच रकान्यात मुलगा. आणि इतकी वर्षं बाकीच्या वाणिज्य दूतावासांत जाऊन ते पाहत होते की लिहिलेलं तिथे कुणी तपासतं का. कुणी तपासत नव्हतं. एका परक्या म्हाताऱ्याच्या मरणाची हा सज्जन माणूस तीन वर्षं वाट पाहत होता.

ते उठले. वाणिज्यदूताने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही दुःखात सहभागी झालात," तो इंग्रजीत म्हणाला.  मी पाहिलं, पेडणेकर त्या पोराचे सुजलेले डोळे बघत होते. मग त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. असा रिवाज नाही.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी टाय काढला आणि खिशात कोंबला. थोडं चालून एकदम थांबले.

"मी त्याचं नाव कुठं लिहिलं रे?"

"वहीत."

"कसल्या वहीत?"

 इतकी वर्षं सगळं मोजूनमापून करणाऱ्या माणसाच्या हे आत्ता, फुटपाथवर ध्यानात आलं होतं. गावाहून त्यांच्या भावाने एकदा सुचवलं होतं की आता पोराचे विधी उरकून घ्या, तर यांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. आणि आता स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत.

त्यांनी ते घरी लपवलं नाही. पुढच्या गुरुवारी मी गेलो तेव्हा वहिनी दाराकडे पाठ करून चुलीशी बसल्या होत्या. मी आल्याचं कळताच माझ्याकडे बघून नवऱ्याला म्हणाल्या, "जित्या पोराचा नाव मेलेल्याच्या वहीत घालून इलात! हात कसो वळलो तुमचो?"

त्या दिवसापासून त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा प्रत्येक निरोप माझ्यामार्फत जाई. "भावजी, सांगा तेंका, पेज निवता हा." मी सांगायचो, "पेडणेकर, पेज निवतेय." पेडणेकर मला म्हणायचे, "सांग तिला, आलो." खोली दहा फुटांची होती. मधे मी नसलो तर दोघं टेपरेकॉर्डरमार्फत बोलत असावेत, कारण दिवेलागणीला कॅसेट लागायची आणि तेवढ्यापुरते दोघं एकाच खाटेवर बसायचे.

"दोन देशांचे संबंध तुटले की ते तिसऱ्या देशाच्या वकिलातीत एक खोली घेतात," पेडणेकर मला एकदा म्हणाले. "हितसंबंध विभाग म्हणतात त्याला. झेंडा लावता येत नाही, पण निरोप पोचतात. सध्या तो तू." एवढीच एक थट्टा मी त्यांच्या तोंडून त्या काळात ऐकली.

पावसाळा होऊन गेला. एका गुरुवारी आम्ही चहा घेत होतो आणि खालून पोस्टमनने हाक दिली.

"सुधीर पेडणेकर! रजिस्टर!"

गॅलरीतली सगळी दारं उघडली. या इमारतीत त्या नावाची हाक फक्त टेपमधून यायची. वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन जिन्याकडे धावल्या. पोस्टमन वर आला तो गोंधळलेला. "सही सुधीर पेडणेकरांची हवी." पेडणेकरांनी सही केली आणि तिच्यापुढे लिहिलं, 'वडील'.

जाड, दुधाळ रंगाचा लिफाफा. आत कार्ड, वर सोनेरी राजचिन्ह. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. छापील इंग्रजी होतं, फक्त नाव टाइप केलेलं. श्री. सुधीर दत्ताराम पेडणेकर यांनी आमच्या दुःखात व्यक्त केलेल्या सहवेदनेबद्दल राजघराणे आभारी आहे. बस. शांतिलालशेठच्या हमालांना आलं होतं तेच. कुणी विचारलं नव्हतं की हा कोण, कुठे हरवला. कुणीतरी कारकुनाने नाव उतरवलं होतं आणि वाट पाहणाऱ्यांचा मजकूर वाचला नव्हता.

वहिनी पेडणेकरांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. पिठाचे हात पुढे धरून, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा थेट त्यांना म्हणाल्या, "काय लिवलला आसा?"

पेडणेकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या खोलीत त्या कागदाची किंमत ठाऊक असलेले आम्ही दोघंच होतो.

"त्याचं नाव लिहिलंय," ते म्हणाले. "आभार मानलेत."

"तेचे आभार?"

"त्याचेच."

"म्हणजे थय तेका वळाखतत," वहिनी म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

पेडणेकर काही वेळ त्या राजचिन्हाकडे बघत राहिले. "ओळखत असणार," ते म्हणाले.

शेजारच्या सावंतबाई दारात आल्या होत्या. "एम्बसीचं पत्र आलं का हो?"

मी सवयीने पेडणेकरांकडे पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. ते एम्बसीचं नव्हतं, कॉन्सुलेटचंही नव्हतं. राजवाड्याच्या कुठल्याशा खात्याचं होतं आणि त्याला योग्य शब्द पेडणेकरांना नक्की ठाऊक होता. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला.

"हो," ते म्हणाले. "एम्बसीचं."

कार्ड कपाटाच्या काचेमागे उभं राहिलं, कॅसेटशेजारी. पेज निवली की वहिनी थेट त्यांनाच सांगू लागल्या. माझी तिसऱ्या देशाची नोकरी सुटली. कचेरीत पेडणेकर पूर्वीसारखेच होते. फक्त काळा टाय खणात पडून राहिला आणि नव्या पोरांच्या कॉपीवर लाल पेन्सिल एखाद्या शब्दापाशी थांबून तशीच पुढे जाऊ लागली. आमच्या पहिल्या पानावर मुंबईत दोनतीन वकिलाती सुरू झाल्या. मुख्य उपसंपादकांना मथळे देणं सोपं गेलं.

ऐंशीचं दशक संपताना मी मुलुंड सोडलं आणि बोरिवलीला राहायला गेलो. सामानाचा टेम्पो सुटायच्या आधी निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेलो. ते निवृत्त झाले होते. मला पोचवायला खाली आले आणि फाटकाशी उभे राहिले. आम्ही वर्तमानपत्राच्या गप्पा मारत होतो, पण त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे होतं. मला वाटलं, टेम्पोकडे बघताहेत.

पोस्टमन सायकलवरून आला. तो नवा होता, तरुण. सायकल न थांबवता, रोजच्या सवयीने त्याने मान हलवली.

"आज एम्बसीचं काही नाही, काका."

"बरं," पेडणेकर म्हणाले, आणि तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पिशवीकडे बघत राहिले.